जुन्या संगणकाचा कैवार

जुनी वस्तू विकत घेणाऱ्या गृहस्थाकडे आपले लोक दोनच दृष्टींनी पाहतात. एक तर तो अडलेला असला पाहिजे, नाही तर चिक्कू असला पाहिजे. जुनी समई, जुने घड्याळ किंवा जुनी पायपेटी घेणाऱ्यास रसिक म्हणण्याचे औदार्य समाजापाशी आहे. जुना संगणक घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र ते येत नाही. २०२५ सालच्या शिगम्यानंतर आम्ही म्हापशाहून असा एक वापरलेला संगणक विकत आणला. पेटी मांडीवर आणि मॉनिटर पायांशी अशा अवस्थेत कदंबच्या गाडीतून पेडणे तालुक्यातील आमच्या गावी उतरलो, तेव्हा तिठ्यावर बसलेल्या मंडळींपैकी एकाने विचारलेच, "सर, पोरणें हाडलें?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच त्याच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पोरणें न्हय रे, जाणटें!"

कोंकणीत 'पोरणें' म्हणतात ते वस्तूला आणि 'जाणटें' म्हणतात ते वय झालेल्या माणसाला. अर्थात् ही थट्टा होती आणि तिठ्यावर ती दोन दिवस पुरली. परंतु पुढे वर्षभर त्या यंत्राच्या सहवासात जे अनुभव आले, त्यांमुळे त्या वृद्ध गृहस्थांनी नकळत खरी गोष्ट सांगितली होती, असे आमचे मत झाले आहे. घरातील जाणट्या माणसाला कोणते अन्न पचते, कोणत्या ऋतूत त्याचा दमा उचल खातो, त्याला काय सांगावे व काय सांगू नये, हे घरच्यांना ठाऊक असावे लागते. ते ठाऊक करून घेण्याची तयारी नसेल, तर त्यास घरी आणू नये.

आम्ही मराठी वाङ्मय घेऊन पदवी मिळवली. स्क्रू कोणत्या दिशेने फिरवला असता सैल होतो, हे आम्हांस तिशी उलटेपर्यंत निश्चित ठाऊक नव्हते. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. अधिकार नाही, एक चूक मात्र आमच्या हातून घडली आहे, आणि ती सांगावी म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला.

संगणक हवा कशाला, तर लिहिण्यासाठी. २०२० साली महामारीने शाळा बंद केल्या आणि मुलांच्या हाती मोबाइल आला. त्या काळात एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. मोबाइलवर पाहणे होते, ऐकणे होते, थोडेफार वाचणेही होते. पण लिहिणे होत नाही. चार ओळींचा निरोप लिहिता येतो, चार पानांचा निबंध लिहिता येत नाही. आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांस तर देवनागरीत सलग टंकलेखन करण्याची सवय कोठेच लागत नाही. नवा संगणक घ्यावयाचा तर चाळीस हजारांच्या आसपास खर्च. वापरलेला, मॉनिटर, कीबोर्ड व माउस धरून, साडेबारा हजारांस मिळाला.

हे वापरलेले संगणक येतात कोठून? मुंबई, पुणे, बंगळूरु येथील मोठ्या कचेऱ्या चार-पाच वर्षे वापरून आपले संगणक एकगठ्ठा काढून टाकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या पेठांत ते उघडले जातात, साफ होतात, बिघडलेला भाग बदलला जातो आणि 'रिफर्बिश्ड' असे नाव धारण करून ते गावोगावच्या दुकानांत पोहोचतात. आमच्या यंत्राच्या कुशीवर त्याच्या पूर्वीच्या कचेरीची क्रमांकपट्टी अजून चिकटलेली आहे. पहिल्यांदा झाकण उघडले तेव्हा आत करड्या रंगाचा, कापसासारखा मऊ धुरळा सापडला. तो वातानुकूलित शहरी कचेरीचा. सप्टेंबरात पुन्हा उघडले तेव्हा त्या जागी तांबडी माती होती. यंत्र तेवढ्यात गोमंतकीय झाले होते.

आता दोषांचे सांगतो. पहिला दोष उघड झाला तो कालगणनेचा. रोज सकाळी यंत्र सुरू करावे तो ते २०१६ सालच्या १ जानेवारीस उभे असे. आम्ही प्रारंभी हसून सोडून दिले. पण गुण भरावयाचे संकेतस्थळ उघडेना. यंत्राचे पंचांग नऊ वर्षे मागे असल्यामुळे त्या स्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र त्यास अजून लागू न झालेले वाटे आणि ते दार लावून घेई. कारण निघाले क्षुल्लक. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी तीन व्होल्टची एक बॅटरी असते; तिच्यावर सी.आर. २०३२ असा क्रमांक असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम, आणि काही वर्षांनी ती संपते. चाळीस रुपयांची नवी बॅटरी घातली आणि यंत्र वर्तमानकाळात आले. त्या चाळीस रुपयांनी आमची भीती जितकी घालवली, तितकी कोणत्याही पुस्तकाने घालवली नसती.

दुसरा प्रसंग मृगाच्या पावसातला. रात्री वीज कडाडली, दिवे गेले, आले, पुन्हा गेले. आणि सकाळी यंत्र निश्चेष्ट. पंखा नाही, दिवा नाही, काही नाही. वीजपुरवठा करणारी पेटी, जिला दुकानदार एस.एम.पी.एस. म्हणतात, ती जळाली होती. हमीच्या कागदावर विजेने झालेले नुकसान वगळलेले होते आणि ते योग्यच होते, कारण दोष आमच्या भिंतीत होता. आमच्या जुन्या घरातील त्या सॉकेटला तिसरे भोक होते, पण त्यामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. आमच्या भागातील जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते. अशा जमिनीत अर्थिंगसाठी खड्डा खणून मीठ-कोळसा घालावा लागतो आणि वेळोवेळी पाणी ओतावे लागते, हे ज्ञान आम्हांस वायरमनने त्या दिवशी दिले. यू.पी.एस. घेतला तो त्यानंतर.

बरे, पेटी जळाली तर दुसरी घालावी. येथे आम्हांस जुन्या संगणकाच्या व्यवहारातील सर्वांत मोठी मेख कळली. कचेऱ्यांसाठी केलेले हे लहान अंगाचे संगणक सर्वसाधारण मापाचे नसतात. त्यांची एस.एम.पी.एस. वेगळ्या आकाराची, तिचे जोडही निराळे. बाजारात सरसकट मिळणारी पेटी आत मावत नाही, आणि बाहेर ठेवून जोडू म्हटले तर तिचा जोड बसत नाही. म्हापशाच्या तीन दुकानदारांनी मान हलवली. चौथ्याने मुंबईहून मागवली; पंधरा दिवस व चोवीसशे रुपये लागले. पत्रिका जुळवल्याखेरीज सोयरीक करू नये म्हणतात, येथे एस.एम.पी.एस.ची पत्रिका आधी पाहावी. मोठ्या उभ्या पेटीचा संगणक जागा अडवतो खरा, पण त्याच्या अंगी बाजारातले बहुतेक भाग लागतात. ही एक गोष्ट आम्हांस खरेदीपूर्वी कोणी सांगितली असती, तर आम्ही दुसरे यंत्र निवडले असते.

आषाढात तिसरे गाऱ्हाणे सुरू झाले. कळ दाबली की यंत्र तीनदा शिट्टी वाजवी आणि मॉनिटर काळाच राही. हवेतील दमटपणाने रॅमच्या पट्टीच्या पिवळ्या दातांवर मळी धरली होती. त्यावरील उपाय आमच्या व्यवसायाला शोभणारा निघाला: खोडरबर. वीज काढून, एकदा लोखंडी पेटीला हात लावून अंगातील विद्युत्भार घालवून, पट्टी अलगद बाहेर घ्यावी, तिचे दात खोडरबराने पुसावेत, कण झटकावेत आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' असा आवाज करीपर्यंत ती पुन्हा बसवावी. पावसाळ्यात हे आम्ही दोनदा केले. आता आमचा सात वर्षांचा मुलगाही शिट्टी ऐकली की कंपासपेटी आणून देतो.

यंत्र सुधारण्याचे काम चतुर्थीच्या आधी हाती घेतले. यंत्र सुरू होण्यास चार मिनिटे लागत. तेवढ्यात चहा होत असे. जुनी हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला सात हजार दोनशे फेरे घेणारी एक तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडे धावणारी सुई. सुईला ज्या त्या जागी जाऊन वाचावे लागते. तिच्या जागी सतराशे रुपयांची एस.एस.डी. घातली. तिच्यात फिरणारे काहीच नसते. चार मिनिटांची पंचवीस सेकंद झाली, आणि हे आम्ही घड्याळ लावून पाहिले आहे. मूळच्या चार जी.बी. रॅमला आणखी आठ जी.बी.ची जोड दिली, तिला पंधराशे पडले. (हे ऑगस्टात केले ते बरे झाले. जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेची जी अवाढव्य संगणकगृहे उभी राहत आहेत, त्यांची भूक भागवताना त्या वर्षअखेरीस रॅमचे भाव भडकले, आणि पेडण्याच्या मास्तरालाही त्याची झळ लागली असती.) एकंदर हिशेब, यू.पी.एस. सोडून, अठरा हजार एकशे चाळीस रुपये. नव्याच्या निम्म्याहून कमी. पण साडेबारा नव्हे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. जुन्या यंत्राची किंमत दुकानात निम्मीच सांगितली जाते. उरलेली वर्षभरात कळते.

प्रोसेसर बदलता येईल काय, हेही आम्ही पाहिले. आमचा सहाव्या पिढीचा आहे. ही पिढी २०१५ साली बाजारात आली. आठव्या पिढीतील डेस्कटॉपचा प्रोसेसर त्याच ११५१ टोकांच्या बैठकीत बसतो, असे पाहून आम्हांस हर्ष झाला. हर्ष अल्पजीवी ठरला. टोकांची संख्या तीच असली, तरी जुना मदरबोर्ड नव्या पिढीशी बोलत नाही. तो सातव्या पिढीपर्यंतच ओळख देतो. सातव्या व आठव्या पिढीतील हा उंबरठा इतका महत्त्वाचा आहे, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही.

ते ऑक्टोबरात आले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी दसरा होता. घरातील कोयता, पंप, दुचाकी यांच्या पंक्तीत संगणकासही हळदकुंकू लागले, झेंडूची माळ पडली. त्यानंतर बाराव्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आपल्या प्रणालीस मिळणाऱ्या नित्याच्या विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्या बंद केल्या. बाराव्या दिवसाचा मुहूर्त साधला, हा योगायोगच. ही प्रणाली २०१५ च्या जुलैत आली होती. तिच्या जागी विंडोज ११ घ्यावी, तर तिच्या अटी निराळ्या: टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-व्यवस्था यंत्रात हवी आणि इंटेलचा प्रोसेसर, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. नोंदणी करणाऱ्यांस आणखी एक वर्ष दुरुस्त्या देऊ केल्या, ती सवलत वेगळी. मुद्दा असा, की आमच्या यंत्रात त्या दिवशी कोणताही बिघाड झाला नव्हता. आदल्या दिवशी ते जसे चालत होते तसेच दुसऱ्या दिवशीही चालले. परंतु एका कंपनीच्या पत्रकाने ते, आणि त्याच्यासारखी जगभरची असंख्य यंत्रे, वृद्धाश्रमात जमा झाली.

आणि अशी यंत्रे कचेऱ्यांनी काढून टाकली की ती जातात कोठे? वर सांगितलेल्याच वाटेने, आपल्या तालुक्यांत. दिवाळीच्या सुमारास वापरलेले संगणक स्वस्त झाले, ते यामुळे असावेत अशी आमची अटकळ आहे.

आता आमच्या चुकीकडे वळतो. आम्ही राहतो पेडण्यात आणि शिकवतो डिचोली तालुक्यात. सप्टेंबरात पालकसभेच्या वेळी नववीतील एका मुलीच्या वडिलांनी आम्हांस विचारले, "सर, पोरणो कंप्युटर घेतल्यार चलता न्हय?" आम्ही नुकतीच एस.एस.डी. बसवलेली, विजयाच्या कैफात होतो. "चलता, चलता," म्हणालो, "आमीय पोरणोच घेतला." बस्स, इतकेच. हे गृहस्थ एके काळी खनिजाच्या ट्रकावर होते. २०१२ साली खाणी थांबल्यापासून दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहेत. नोव्हेंबरात त्यांनी पतसंस्थेतून रक्कम उचलून साडेदहा हजारांस संगणक घेतला आणि मोठ्या आनंदाने आम्हांस पाहावयास बोलावले.

यंत्र चौथ्या पिढीचे होते, म्हणजे २०१३ च्या सुमाराचे. विंडोज १० होती, आणि तीही परवान्यावाचून, कुलूप फोडून बसवलेली. हार्ड डिस्क स्वतःच आपल्या प्रकृतीविषयी धोक्याची सूचना देत होती. बिल म्हणून एक चिठ्ठी होती. तिच्यावर 'कंप्युटर सेट १' एवढेच लिहिलेले. आम्ही जे दिसले ते सांगितले. मुलीचा चेहरा उतरला. वडील मात्र रागावले नाहीत. चहाचा पेला पुढे सरकवीत ते एवढेच म्हणाले, "तुमी सांगिल्लें म्हूण घेतलो, सर."

शिक्षकाच्या तोंडून निघालेला शब्द पालक पारखून घेत नाहीत. तो आमचा मान आहे असे आम्ही आजवर समजत होतो. त्या दिवशी तो आम्हांस भार वाटला.

पुढील रविवारी आम्ही पेनड्राइव्ह व एक जुनी, पण निरोगी, एस.एस.डी. घेऊन त्यांच्या घरी गेलो. झाकण मुलीनेच उघडले. स्क्रू तिने डाव्या-उजव्याचा विचार न करता सोडवले. त्यावरून, शिवणयंत्र असलेल्या घरातील मुलांस ही विद्या आपोआप येते, असा आमचा तर्क आहे. चोरलेली विंडोज काढून टाकली आणि लिनक्सची एक प्रणाली बसवली. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिण्यास आरंभ केला. जगभरच्या लोकांनी ती वाढवली. ती विनामूल्य आहे, तिची प्रत करून दुसऱ्यास देणे हा गुन्हा नाही, आणि जुन्या प्रोसेसरवर तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या आजही मिळतात. वर्गात प्रामाणिकपणावर बोलून घरी कुलूप फोडलेली प्रणाली चालवणे, या विसंगतीतूनही त्यायोगे सुटका होते. देवनागरीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिच्यात आहे. त्याच संध्याकाळी मुलीने एक परिच्छेद मराठीत टंकला. तेवढ्यास चाळीस मिनिटे लागली.

सर्व सुरळीत झाले असे मात्र म्हणता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये केलेला तक्ता तेथील लिबरऑफिसमध्ये उघडला की त्याच्या चौकटी हलतात. घरी आधीपासून असलेला प्रिंटर अद्याप चालत नाही. मुलीला वर्गातील मैत्रिणींसारखे दिसणारे पडद्यावरचे चित्र हवे होते, ते नाही. ज्यांस कचेरीचे ठरावीक कार्यक्रम लागतात त्यांनी लिनक्सच्या भरवशावर जुने यंत्र घेऊ नये. आठव्या पिढीचे शोधावे आणि दोन-चार हजार अधिक मोजावेत. जुन्याचा कैवार घेतला म्हणून जुन्याची स्तुतिपाठके गाणे आम्हांस मंजूर नाही.

ही युक्ती गोव्यास नवी नाही, हे आजच्या विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. या शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' नावाचा उपक्रम झाला. अमेरिकेत वापरून काढून टाकलेले संगणक जहाजाने येथे आणून शाळांस देण्यात आले, आणि त्यांच्यासाठी लिनक्सचा अवलंब करण्यात आला. जुन्या संगणकांचे काम हलके करण्याची एक हिकमतही त्या उपक्रमात वापरली गेली: एक सशक्त यंत्र मध्यभागी ठेवावयाचे आणि दुबळी यंत्रे त्यास जोडावयाची, डोके त्या एकाचे, हातपाय व तोंड इतरांचे. केरळात तर शासकीय शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर चालते, आणि 'लिटल काइट्स' या तेथील मंडळांतून शाळेतील मुलांस यंत्राच्या अंतरंगाचीही ओळख करून दिली जाते. आपल्याकडे ओळख होते ती बाहेरून. परीक्षेत 'सी.पी.यू.चे कार्य लिहा' असा प्रश्न येतो, मुले तो पाठ करून गुण मिळवतात, सी.पी.यू. डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी आम्हांस विरळाच भेटला.

आमच्या लहानपणीची एक गोष्ट येथे आठवते. गोवा शासनाने २००२ साली सुरू केलेल्या सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांस घरी नेण्यास संगणक मिळाले. आमच्या थोरल्या मावसभावासही पुढे एक मिळाला. आम्ही मुले रविवारी आंघोळ करून तो पाहावयास जात असू. मावशीने त्यास भरतकामाचे आच्छादन शिवले होते. तीन पावसाळे तो चालला. चौथ्यात बंद पडला. तेव्हा घरात मोठी चर्चा झाली आणि ठरले असे, की त्यास कोणी हात लावावयाचा नाही, कारण हात लावला तर तो बिघडेल. बिघडलेली वस्तू बिघडेल म्हणून तिला न शिवण्याचा हा न्याय आमच्याच घरचा होता. त्याचा दोष दुसऱ्या कोणावर नाही. काही वर्षे तो माळ्यावर राहिला आणि एके दिवशी भंगारवाल्याने वजनावर नेला. आज आम्हांस राहून राहून वाटते, की त्यास कदाचित् चाळीस रुपयांचीच बॅटरी हवी होती. त्या जाड काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते आणि तो असा उघड्यावर फोडावयाचा नसतो, हेही त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते.

शाळाशाळांतून हाच न्याय नोंदवहीच्या आधाराने चालतो. बंद पडलेला संगणक डेडस्टॉक रजिस्टरात असतो. निर्लेखनाची मंजुरी आल्यावाचून तो काढता येत नाही, आणि रजिस्टरात आहे म्हणून उघडता येत नाही. अशा रीतीने प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात चार-चार यंत्रे एकावर एक, पाटीवरच्या आकड्यांसह, तिष्ठत असतात. विज्ञानाच्या तासाला पूर्वी बेडूक कापीत. संगणक उघडण्यात तर हिंसाही नाही. वर्षातून दोन शनिवार तरी मेलेल्या यंत्रांच्या पेट्या मुलांपुढे मांडाव्यात, त्यांतली बॅटरी, रॅम, पंखा त्यांनी आपल्या हाताने काढावा व बसवावा, एखादे यंत्र जिवंत झालेच तर ते ग्रंथालयात ठेवावे, अशी आमची सूचना आहे. जे उरेल ते भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत पुनर्वापर-केंद्राकडे जावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पुनर्वापर करणाऱ्यांस, आणि जुनी यंत्रे दुरुस्त करून विकणाऱ्यांसही, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आवश्यक ठरवली आहे. म्हणजे जुन्या संगणकांचा धंदा आता आडोशाचा राहिलेला नाही. त्यास नाव आहे, नियम आहेत. मग त्याचे बिल तेवढे चिठ्ठीवर का असावे?

आमचा आग्रह या बिलाविषयीच आहे. दुकानदार फसवतात असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या विक्रेत्यास आम्ही जे विचारले त्याचे त्याने खरे उत्तर दिले, आणि जे विचारले नाही ते सांगितले नाही. पालकांस विचारावे काय तेच ठाऊक नसते. तेव्हा प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम किती, डिस्क कोणती व तिची प्रकृती कशी, प्रणाली परवान्याची आहे की नाही आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, हमी किती महिन्यांची व कशाची, एवढे बिलावर हाताने का होईना लिहून मागावे. प्रोसेसरच्या क्रमांकात आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा बहुधा पिढी सांगतो: ६५०० असेल तर सहावी, ७५०० असेल तर सातवी, ८५०० असेल तर आठवी. पाच आकडी क्रमांक असेल, तर पहिले दोन आकडे घ्यावेत. औषधाच्या बाटलीवरची मुदत वाचणाऱ्यास हे कठीण जाऊ नये.

त्या चालक गृहस्थांस ते कठीण गेले नाही. मुलीने त्यांना सर्व शिकवले आहे असे दिसते, कारण मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी, म्हापशाचा बाजार भरात असताना, त्यांचा आम्हांस दुकानातून फोन आला. त्यांच्या मेव्हण्याला संगणक घ्यावयाचा होता.

"सर, पयलो आंकडो आठ आसा. घेवूं काय नाका?"

"बिलार बरोवन दिता?" आम्ही विचारले.

थोडा वेळ नुसता बाजाराचा गलका ऐकू आला. मग ते म्हणाले, "ना म्हणटा."

"जाल्यार नाका."

"हांवेंय तेंच सांगलें ताका, सर," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.